मुख्य अर्जदाराचं वय

परवा नातीचा फोन आला. आवाज रडकुंडीला आलेला. परदेशात कायमचं राहून काम करता यावं म्हणून तिनं अर्ज केलाय. शिक्षणाचे गुण, कामाचे गुण, भाषेचे गुण, वयाचे गुण अशी सगळी बेरीज जमली होती, आणि ऐन वेळी त्या देशानं नियम बदलले.

"आजी, अर्ज भरला तेव्हा एक नियम आणि उघडला तेव्हा दुसरा. ह्याला काय अर्थ आहे?"

मला हसू आलं. ती चिडली आणि तिनं फोन ठेवला. पण मी तिला हसले नव्हते. मला आठवली होती मुकुंदवाडीतली चाळिशीची एक बाई, जी मे महिन्यात लोकरीचा कोट घालून पंख्याखाली बसायची. ती बाई म्हणजे मी.

तेव्हा मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी पदाचं नाव ड्राफ्ट्समनच. कालव्यांचे नकाशे काढायचे, बोटं शाईनं काळी करायची. नकाशा पुरा झाला की कोपऱ्यातल्या चौकटीत सही मात्र साहेबांची. मी काढलेल्या कालव्यांतून किती शेतांना पाणी गेलं देव जाणे, पण कागदावर मी कुठंच नव्हते. तेवढी एक गोष्ट मला डाचायची. मग ऑफिसातल्या एकानं खबर आणली, की एका बर्फाच्या देशाला ड्राफ्ट्समन हवेत, आणि तिकडं नकाशा काढणाराचं नाव नकाशावर येतं. खरं-खोटं कुणाला ठाऊक? मी दुसऱ्याच दिवशी फॉर्म मागवला.

सत्तर गुणांना पास. मी बसून बेरीज केली, बाहत्तर झाले. पुन्हा केली, पुन्हा बाहत्तर. आमच्या यांचं गुलमंडीवर घड्याळदुरुस्तीचं दुकान. डोळ्याला भिंग लावूनच ते घरी यायचे. त्यांनी विचारलं, "घड्याळवाल्याला किती गुण?"

"काही नाही. यादीत घड्याळवाला नाहीच. मुख्य अर्जदार मी. तुम्ही माझ्यावर अवलंबून."

"असं लिहायचं?"

"असंच छापलंय," मी म्हटलं, आणि 'अवलंबून' या रकान्यात त्यांचं नाव असं सुबक लिहिलं की तसं कुठल्या धरणाच्या नकाशावरही लिहिलं नसेल. त्यानंतर चार महिने मी त्यांना चहासुद्धा त्याच तोऱ्यात दिला. "घ्या, अवलंबून." आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. थोडीशीच.

अर्ज टपालात पडला आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. थंडीची सवय हवी म्हणून कोट शिवून घेतला आणि भर उन्हाळ्यात रोज तासभर घालून बसायला लागले. अंगभर घामोळं उठलं. भाकरी काट्या-चमच्यानं खाऊन बघितली. भाकरी ताटातून उडाली आणि लेकीच्या दप्तरात जाऊन पडली. गल्लीतल्या बायकांनी तर कमालच केली. परदेशी जाणाराला केळवण करायची रीत कुठंच नाही, पण त्यांनी ठरवलं की करायचं. शेजारच्या खाला तर म्हणाल्या, "बाजी, उधर कबाब नहीं मिलते, इधरच पेट भर लो." एकूण अकरा घरी आम्ही जेवलो. अकरा वेळा माझी ओटी भरली. मी प्रत्येकीला सांगितलं, "पोचल्यावर पत्र पाठवीन."

आणि पत्र आलं ते त्या देशाचंच. नियम बदलले होते. ज्यांचे अर्ज अजून उघडले नव्हते त्यांना नवे नियम लागू. चाळिशी ओलांडलेल्यांचे चार गुण कमी. कागदावर मी एक्केचाळीसची. बाहत्तरातून चार गेले, अडुसष्ट उरले. दोन गुणांनी नापास.

मी दोन दिवस कोट घालून नुसती बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ताडकन उठले. माझं खरं वय तर एक्केचाळीस नव्हतंच की!

आमच्या पिढीत जन्मतारीख आईबाप देत नसत, शाळेतले मास्तर देत. नाव घालायला पोरगं आलं की मास्तर त्याच्याकडं बघून अंदाजानं साल लिहीत आणि तारीख टाकत एक जून. आमच्या वर्गात सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला. जुळ्यांचा मेळावाच होता तो. माझ्या बाबतीत आई नेहमी सांगायची, "मास्तरांनी हिचं वय दोन वर्षांनी वाढवून लावलं. पोलिस ॲक्शनच्या वेळेला ही माझ्या पोटात होती." पोलिस ॲक्शन म्हणजे अठ्ठेचाळीस साल, निजामाचं राज्य गेलं ते. मी ही गोष्ट यांना लग्नापासून शंभरदा ऐकवली होती. म्हणजे मी खरी एकोणचाळीसची! पुराव्याचं प्रतिज्ञापत्र केलं की चार गुण परत, आणि नकाशावर माझी सही.

आई तोवर वारली होती. जन्माची साक्षीदार एकच उरली होती, वैजापूरकडच्या खेड्यातली मोठी मावशी. यांनी दुकान बंद ठेवलं, आम्ही एस.टी.नं गेलो, मावशीला घेतलं आणि वैजापूरच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली बसलेल्या अर्जनवीसापुढं नेऊन बसवलं. त्यांनी कागद सरळ केला.

"बोलो अम्मा. ये बेटी कब पैदा हुई?"

"साल नाय ठावं बाबा. पन पोलिस ॲक्शन ध्यानात हाय."

मी घाईनं म्हटलं, "तेच सांग. मी पोटात होते ना तेव्हा?"

मावशीनं माझ्याकडं नीट पाहिलं. "कुनाच्या पोटात?"

"आईच्या!"

"अगं, खांद्यावर हुतीस तू. माझ्या. गाव सोडून पळालो तवा चार कोस तुला म्या वाह्यलं. पोटात असतीस तर तुज्या आईनं वाह्यलं नसतं का?"

अर्जनवीसांचं पेन थांबलं. मी म्हटलं, "म्हणजे तान्ही असेन."

"तान्ही?" मावशी हसली. "वरनं माझे केस वढून 'शेंगा दे, शेंगा दे' करत हुतीस. समदे दात हुते, आन् वटवट तर आतासारखीच. चार वरसं पुरी झाल्ती तुला."

"पण मास्तरांनी वय वाढवून लावलं ना?"

"वाढवून नाय, कमी करून लावलं. गावात मराठी साळा निघाली लई उशिरा. तवर तू झाल्तीस नऊ वरसांची. मास्तर म्हनला, एवढी घोडी पह्यलीत कशी बसवू? तुजा बाप म्हनला, लिवा सहा. लिवली सहा."

"मग आई असं का सांगायची?"

"सोयरीक जमवायची हुती तिला. पाव्हन्याम्होरं मंग काय सांगल ती?"

पाव्हणा शेजारीच बसला होता. यांचा जन्म त्यांच्या वडिलांनी देवघरातल्या वहीत तिथीवार-नक्षत्रासकट लिहून ठेवलेला, त्यामुळं त्यांचं वय पक्कं. ते सावकाश म्हणाले, "मावशी, पोलिस ॲक्शनला मी दोन वर्षांचा होतो."

"बगा मंग."

"म्हणजे ही माझ्याहून मोठी?"

"व्हय. दोन दिवाळ्या जास्त पाह्यल्यात तिनं. नमस्कार करत जावा."

अर्जनवीसांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, आप दो साल घटाने आए थे ना? इधर तो तीन साल बढ़ रहे. ये कागज आपके काम का नहीं." आणि कोऱ्या कागदाचं काही न घेता त्यांनी वर आम्हालाच चहा पाजला. माझा चेहराच तसा झाला असणार.

परतीच्या गाडीत लासूर आलं. हे उठले आणि मला खिडकीची जागा दिली.

"बसा, ताई. मोठ्या माणसाला वारं लागलं पाहिजे."

मी त्यांच्याशी चार दिवस अबोला धरला. लोक म्हणाले, दुसरा साक्षीदार गाठा, पोटात होती म्हणणारं कुणी तरी मिळेल. मिळालंही असतं. मी फार खऱ्याची आहे असं नाही. बाजारात पालेभाजीची जुडी शिळी आहे असं मी ताजी असताना सांगते. पण मावशी निघताना म्हणाली होती, "त्या वाटेनं जवा जाते तवा खांदा दुखतो बग अजून." त्या खांद्यावर मी नव्हतेच, असं कागदावर लिहून द्यायला माझा हात होईना. तो बर्फाचा देश राहिला तिकडंच. नापासाचा कागद यथावकाश आला. सरकारी नोकरीत मात्र मास्तरांच्या वयानं मला तीन वर्षं जास्त टिकवलं, ते वेगळं.

अकरा केळवणं खाऊन न जाणाऱ्या बाईनं करायचं काय? एका रविवारी मी सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं आणि पुरणपोळ्या वाढता वाढता वैजापूरची हकीकत सांगितली. खाला हसून हसून ठसका लागेपर्यंत हसल्या. "अच्छा हुआ बाजी, कबाब तो बच गए."

त्या वर्षी पाडव्याला मी यांना ओवाळायला पाट मांडला, निरांजन घेऊन आले, तर हे पाटावरून उठले आणि सगळ्यांदेखत माझ्या पायाशी वाकले. "वडीलधाऱ्या माणसाचा आशीर्वाद आधी." लेक जमिनीवर लोळायची बाकी राहिली. मी त्यांच्या टाळक्यात तबक घालणार होते. पण ओवाळून झाल्यावर त्यांनी तबकात साडी-बिडी काही ठेवलं नाही, घडी घातलेला एक ट्रेसिंग पेपर ठेवला. कोरा.

"दुकानाची पाटी गंजलीय," ते म्हणाले. "नवी तू काढ. मापं, अक्षरं, सगळं तू. आणि कोपऱ्यात सही कर. साहेबाची नाही, तुझी."

मी निरांजनाचा धूर डोळ्यांत गेला असं सांगितलं.

"फक्त," ते हळूच म्हणाले, "सहीखाली जन्मसाल घालू नकोस. गिऱ्हाइकं मला पोरगा समजतील."

दुकान आता भाचा चालवतो. पाटी तीच आहे. परवा फोन ठेवून बसलेल्या नातीला मी पाटीचा फोटो पाठवला, कोपरा मोठा करून, आणि खाली ही सगळी हकीकत लिहून. उत्तर आलं ते एवढंच: "आजी, माझे तीन गुण कमी पडतायत. तुझ्या मास्तरांचा पत्ता आहे का?"