तांबटाचं इंजान

माघात मोहराचा वास आला की शहराच्या कॅम्प भागातली ती सकाळ आठवते. संकेश्वरचं शेत चुलतभावाकडे सोपवून माझे वडील, आप्पा, नुकतेच माझ्याकडे राहायला आले होते. पक्षी बघायला निघालो तेव्हा त्यांनाही सोबत नेलं. कुठूनसा ‘टुक टुक टुक’ असा एकसारखा आवाज येत होता. आप्पा थबकले.

“कुणाचं तरी विहिरीवरचं इंजान चालू राहिलंय रं. पाणी फुकट चाललंय. चल, बंद करूया.”

मी हसलो. दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि वडाच्या शेंड्यावर बसून ओरडणारा तांबट पक्षी दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

“व्हय की. पाखरू हाय,” एवढंच म्हणाले.

तेव्हा वाटलं होतं, आप्पांना एक नवा पक्षी दाखवला. आता तांबट ओरडू लागला की वाटतं, त्यांचं इंजान मीच बंद केलं.