आरसा जरा वर लागला

पडदेकाकूंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. तीस वर्षं त्या आणि त्यांचा नवरा, दोघं मिळून नव्या जोडप्यांची घरं लावून द्यायचे. पडदे, उशांचे अभ्रे, गालिचा कुठे अंथरायचा, दिवा कुठे टांगायचा, चार माणसं आली तर कुणाला कुठे बसवायचं, असली कामं. लोकांच्या लेखी हे सगळे चोचले. पण नव्या संसारातलं पहिलं भांडण पैशावरून नाही, पडद्याच्या रंगावरून होतं, हे काकूंनी इतक्यांदा पाहिलं होतं की असं बोलणाऱ्याकडे त्या नुसत्या बघून हसायच्या.

कापड काकूंचं आणि भिंत काकांची, अशी वाटणी होती. काका सहा फूट दोन इंच, काटकुळे, आणि उभे इतके सरळ राहायचे की गवंड्यांनी त्यांचं नाव ‘ओळंबा’ ठेवलं होतं. काकू जेमतेम पाच फूट. जोडी रस्त्यानं निघाली की पोरं हसायची, आणि काकाही त्यांच्याबरोबर हसायचे.

भिंतीच्या बाबतीत काकांची एक रीत होती. नवराबायकोला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, दोघांच्या डोळ्यांशी पेन्सिलीनं एकेक खूण करायची आणि त्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये चित्रं लावायची, आरसा लावायचा. “रोज भांडले तरी एकाच जागी बघतील,” असं ते म्हणायचे. दुसरी रीत अशी, की त्या घरात पाहुणे पहिल्यांदा येतील तेव्हा या दोघांनी स्वयंपाकघरात अर्धा तास थांबायचं. कोण कुठे बसतं, हातातला पेला कुठे ठेवतं, कुठे अडखळतं ते दारातून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्याप्रमाणे सामान हलवायचं. त्याशिवाय काम पुरं झालं असं ते मानायचेच नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करता करता काका स्टुलावर बसले ते उठलेच नाहीत.

काकू रडल्या नाहीत. आलेल्या बायका आपापसांत कुजबुजल्या, बाई दगडाची आहे म्हणाल्या. त्या रडणार कशाला? काका गेले असं त्यांना वाटलंच नव्हतं. घरात ते कुठेच नव्हते हे खरं. भिंतीवरचा फोटो म्हणजे नुसता कागद होता आणि पलंगाची ती बाजू नुसती गार. पण सातव्या महिन्यात, काकांची हत्यारांची पिशवी कुणाला तरी देऊन टाकावी म्हणून त्यांनी बाहेर काढली. कानामागे खोचून खोचून चपटी झालेली त्यांची पेन्सिल काकूंच्या हाताला लागली. सहज म्हणून त्यांनी ती भिंतीला टेकवली, आणि मागून कुणीतरी घसा खाकरला.

“जरा वर,” काका म्हणाले.

काकू वळल्या नाहीत. वळलं की संपतं, एवढं त्यांना न सांगता कळलं. त्यांनी हात जरा वर नेला. त्यानंतर दोनतीन वेळा पेन्सिल हातात धरून भिंतीसमोर उभं राहिल्यावर काका आले. मग काकूंना कळलं, त्यांना भिंत लागते कामाची. स्वतःच्या घरात खोटंखोटं उभं राहिलं की ते येईनात. फुकटच्या कामाला ते आयुष्यात कधी आले नव्हते, आता कुठून येणार!

इकडे मुलाचा फोनवर तगादा सुरू होता. “आई, पुरे झालं आता. इकडे ये. पिशवी कुणाला तरी देऊन टाक.”

“एक काम एकटीनं करून बघते,” काकूंनी त्याला सांगितलं. “जमलं तर मी इथेच राहीन. नाही जमलं तर मुकाट्यानं तुझ्याकडे येईन, शब्द देते.”

मुलाला वाटलं, म्हातारीला विरंगुळा हवा. काकूंना मात्र नवरा हवा होता, आणि तो कामाशिवाय भेटत नव्हता. हे काम गेलं की तो गेला, असा सरळ हिशेब होता. पण असलं काही पोटच्या पोराला सांगता येतं का?

काम मिळालं ते एका बँकेतल्या मुलीचं. लग्नाला सहा महिने झालेले. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, म्हणून मैत्रिणी त्याला चष्मेवाला म्हणत. स्वभावानं गरीब माणूस, उंचीनं बायकोपेक्षा दोन बोटं कमी. आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. मुलीची आई निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे तिला हेडबाई म्हणत. “तुला शेजारी उभं राहायला एवढासाच सापडला का?” असं त्या चारचौघांत बोलल्या, मुलगी फणकारली, आणि सहा महिने मायलेकी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आता कशाबशा हेडबाई यायला तयार झाल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी पाचसहा मित्रमैत्रिणी आणि त्या.

“काकू, माझी आई सगळ्यात खोड काढते,” मुलगी म्हणाली. “तिला नाव ठेवायला जागा राहू देऊ नका. शनिवारचं बिघडलं तर ती परत या घराची पायरी चढायची नाही.”

“तू निर्धास्त जा बँकेत,” काकू म्हणाल्या.

दोघं दिवसभर कामावर असायची. किल्ली काकूंकडे. रिकाम्या खोल्यांत त्या एकट्या असायच्या, म्हणजे आपल्याला एकट्या दिसल्या असत्या. त्या बोलत होत्या, हसत होत्या, मध्येच थांबून ऐकत होत्या. पडदे त्यांनी जाड सुती घेतले, मातीच्या रंगाचे, डाग पडला तरी न दिसणारे. मोठं जेवणाचं मेज बाजूला सारून तीन छोटी मेजं मांडली, कारण माणसं हातात वाटी घेऊन उभी राहिली की जास्त मोकळी बोलतात. खिडकीपाशी एक खुर्ची ठेवली. ती ठेवताना काका म्हणाले, “थोडी मागे घे, पाय पसरायला नको का?” त्यांनी घेतली.

शनिवारी दुपारी आठ चित्रं आणि दाराजवळचा आरसा तेवढा राहिला. काकू स्टुलावर चढल्या आणि भिंतीला पेन्सिल टेकवली.

“जरा वर.”

दोघांना भिंतीशी उभं करून खुणा करायच्या होत्या, पण ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही. विचारणारा आणि सांगणारा घरात हजर असताना आणखी कुणाला कशाला विचारायचं? काकू सुखात होत्या, त्या दुपारी तर फारच. इतका वेळ काका कधी थांबले नव्हते. हाताच्या पाठीवर त्यांना काकांचा हात स्पष्ट जाणवत होता, नेहमीसारखाच खरखरीत, पण गार. हा गारवा नवा होता. त्याची काकूंना थोडी भीती वाटली, पण त्यांनी हात काढला नाही.

साडेचारला जोडपं घरी आलं. मुलगी धावतच आत कपडे बदलायला गेली. चष्मेवाला आरशासमोर क्षणभर उभा राहिला, केसांवरून हात फिरवला आणि मूग गिळून बाजूला झाला. आपल्या उंचीबद्दल ज्याला जन्मभर टोमणे ऐकावे लागले, तो आरसा उंच आहे हे स्वतःच्या तोंडानं कसं सांगेल?

पाहुणे आले. काकू रीतीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. आधी सगळं झकास चाललं होतं. पडद्यांचं कौतुक झालं, फळांच्या आणि खाऱ्या काजूंच्या वाट्या रिकाम्या होऊ लागल्या. हेडबाई आल्या, ताठ बसल्या, पण बसल्या.

मग काकूंच्या लक्षात आलं की खिडकीपाशी कुणी बसत नाहीये. एक मैत्रीण तिथे टेकली, पेला ठेवायला मेजाकडे हात लांबवला, तो पोचेना, म्हणून उठली. दुसरा एकजण त्या खुर्चीपर्यंत गेला आणि परत फिरला. “अजून कुणी यायचंय का?” त्यानं विचारलं. “नाही रे, सगळे आले,” चष्मेवाला म्हणाला. थोड्या वेळानं तिसऱ्याच बाईनं तेच विचारलं. ती खुर्ची रिकामी वाटतच नव्हती. चित्रं बघणारा प्रत्येकजण मान वर करत होता, जणू भिंतीशी कुणी उंच माणूस उभा आहे आणि सगळे त्याच्याशी बोलताहेत.

तेवढ्यात एक मित्र आरशासमोर टाचा उंचावून हसला. “अरे चष्मेवाल्या, हा आरसा कुणासाठी लावलास? तुला तर यात नुसता भांग दिसत असेल!”

दोघंतिघं खो खो हसले. चष्मेवालाही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. हेडबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. एकदा आरशाकडे, एकदा आठही चित्रांकडे पाहिलं.

“या घरात उंच कोण आहे गं?” त्यांनी मुलीला विचारलं. “घर लावताना नवऱ्याला विचारायची पद्धत नाही वाटतं तुझ्यात. मी निदान तोंडावर तरी बोलले होते.”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. “आई, मी नाही... काकूंनी लावलंय.” आणि मग पाणावलेल्या डोळ्यांनी ती स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. “काकू, असं का केलंत? यांची चेष्टा केलीत का तुम्ही?”

काकू बाहेर आल्या. तीस वर्षांत त्यांनी भिंत कधी मापून पाहिलीच नव्हती, ते खातं काकांचं. आता त्यांनी पाहिली. आठ चित्रं आणि एक आरसा, एका रेषेत, सुतभरही इकडेतिकडे नाही. त्या रेषेला कुणाचे डोळे येतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? एवढी वर्षं त्या डोळ्यांकडे बघायला त्यांनी मान वर केली होती.

“चेष्टा नाही गं पोरी,” त्या म्हणाल्या. “हे माझ्या नवऱ्याच्या उंचीवर लागलंय. ते आठ महिन्यांपूर्वी वारले. आम्ही जोडीनं काम करायचो. मी... मला वाटलं ते सांगताहेत. मी त्यांचंच ऐकत राहिले. तुम्हा दोघांना विचारायचं राहूनच गेलं.”

खिडकीच्या बाजूला उभे होते ते आपसूक त्या खुर्चीपासून दूर सरकले. काकूंना कळत होतं की आता इथून पिशवी उचलून निघून जाता येईल. पोरगी आईशी काय ते निस्तरेल, आपण मुलाकडे जाऊ, आणि ही रेघ या भिंतीवर अशीच राहील. काकांना हलवायला कुणी सांगणार नाही. तो मोह त्यांना झाला, अगदी खरा झाला.

मग त्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून हातातला रिकामा पेला पुसत होता.

“या इकडे,” त्यांनी त्याचा दंड धरला. “भिंतीला पाठ लावा. तूही ये गं.”

“काकू, असू दे, उद्या बघू,” तो पुटपुटला.

“उद्या माझ्या हातून होणार नाही.”

दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. काकूंनी त्याच्या डोळ्यांशी खूण केली, तिच्या डोळ्यांशी खूण केली. त्यासाठी स्टूल लागलंच नाही. दोन खुणांमध्ये जेमतेम दोन बोटांचं अंतर होतं, आणि हेडबाईंच्या ते बरोबर नजरेत आलं. एवढ्याशा फटीसाठी सहा महिने! चष्मेवाला आरसा उतरवायला गेला तशा त्या उठल्या, पदर खोचला आणि आरशाची एक बाजू स्वतः धरली. “सोडा जावईबापू, मी धरते. तुम्ही समोर उभे राहून सांगा, नीट दिसतंय का.”

वरचा खिळा उपटताना काकू थांबल्या. पेन्सिल भिंतीला टेकवून त्यांनी वाट पाहिली. मागे मुलगी रडत हसत होती, कुणीतरी वाट्या गोळा करत होतं. घसा कुणीच खाकरला नाही. हाताच्या पाठीवर गार काही लागलं नाही. त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली आणि खिळा ओढला. मग दुसरा, मग तिसरा. नवव्यावरून पक्कड दोनदा निसटली तेव्हा हेडबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि तो काढून दिला.

निघताना हेडबाई म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात माझ्याकडे या. बैठकीची खोली वीस वर्षं तशीच आहे.” काकू हो म्हणाल्या.

रस्त्यावर दिवे नुकतेच लागले होते. कोपऱ्यावर पोचायच्या आत मुलाचा फोन आला.

“काय गं आई, जमलं का?”

“जमलं. दुसरंही मिळालं.”

“म्हणजे तू काही येत नाहीस,” तो म्हणाला. मग पिशवी आपटल्याचा आवाज ऐकून घाबरला. “आई? काय झालं?”

“बाबा गेले रे,” काकू म्हणाल्या, आणि भर रस्त्यात पिशवीवर बसून लहान मुलीसारख्या रडू लागल्या.

“अगं, आठ महिने झाले त्याला...”

“नाही,” त्या म्हणाल्या. “आत्ता गेले. मीच काढलं त्यांना.”