धागा टूट गया

स्नेहलतागंजात आमच्या शेजारी एका काकांचा चिमुकला फोटो स्टुडिओ होता, पण ते बोलत मात्र ओरडूनच. आयुष्य कापड मिलच्या मागांच्या खडखडाटात गेलेलं. मिल बंद पडली, आवाज तेवढा राहिला. मी कॅमेरा शिकायला गेले की धडा सगळी गल्ली ऐकायची.

“ताई, खिडकी किती उघडायची ते अ‍ॅपर्चर! किती वेळ उघडी ठेवायची ते शटर! बस, इतकंच आहे!”

एकदा त्यांचा मिलमधला जोडीदार नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आला. चेहरा पार उतरलेला. यांनी लेन्स फिरवून फोकस जमवला आणि एकदम गरजले, “अरे भिया, धागा टूट गया!”

तो सवयीनं स्टुलावरून ताडकन उठला, धागा जोडायला हात पुढे करून. समोर नुसता कॅमेरा! मग दोघंही पोट धरून हसत सुटले. पुन्हा बसवलं, पुन्हा हसू. शेवटी डोळे पुसत ते मला म्हणाले, “आज खिडकी तुम्हीच उघडा, ताई. माझे हात थांबत नाहीयेत.”

माझा पहिला फोटो तो. हसू मलाही आवरत नव्हतं.

रोल धुतल्यावर त्यांची आरोळी गल्लीभर गेली, “ताई, फोटो हललाय! पण आदमी सही आलाय!”