घरच्या माणसाला नोटीस

शामकांत दातारला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे, आणि सिंगापुरातल्या मराठी मंडळींत हा त्याचा मोठा गुण समजला जाई. खुर्च्या लावायच्यात? शामकांतला सांगा. कुणाच्या आईला विमानतळावरून आणायचंय? शामकांत आहेच. असा माणूस शेजारी असावा, जावई असावा. पण बांधकामाच्या कंपनीत करार सांभाळायला मात्र नसावा. दुर्दैवाने तो नेमकं तेच काम करत होता.

कंपनी छोटी, बुकित बातोकच्या औद्योगिक वसाहतीत वरच्या मजल्यावर. मालक लिम साठी उलटलेला, एकेकाळी स्वतः गवंडीकाम केलेला. इंग्रजी बोलण्यापुरतं यायचं, करारातलं कलम वाचणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. "यू रीड, आय बिल्ड," असं तो शामकांतला म्हणे आणि पुढ्यात ठेवलेल्या कागदावर डोळे झाकून सही करी. इतका विश्वास सख्ख्या भावावरही कुणी टाकत नाही.

२०१३ साली या कंपनीला चांगी बिझनेस पार्कजवळ एका ऑफिस इमारतीचं काम मिळालं. लिमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं. इमारत बांधून घेणाऱ्या कंपनीचं ऑफिस तांजोंग पगारला, आणि त्यांच्या बाजूने काम बघणारा माणूस कोण, तर निशिकांत सबनीस! पुण्याचा, शामकांतचा जिवलग. दोघांच्या बायका, शामकांतची जया आणि निशिकांतची विनीता, गौरी एकत्र बसवत. "आता काय, घरचंच काम," जो तो म्हणाला. शामकांतलाही तेच वाटलं, आणि इथेच घोडं पेंड खातं.

काम सुरू झालं आणि अडलं. जागेच्या कोपऱ्यात एक जुनं गोदाम उभं होतं. ते पाडून जागा मोकळी करून देणं बांधून घेणाऱ्या कंपनीच्या अंगावर होतं. पण गोदामातला भाडेकरू हलेना. पायासाठी भाड्याने आणलेली यंत्रं उन्हात तापत उभी होती आणि कामगार ताडपत्रीच्या सावलीला बसून होते. यात लिमची काडीचीही चूक नव्हती. करारही तेच सांगत होता: समोरच्यामुळे उशीर झाला तर कंत्राटदाराला वाढीव मुदत मिळेल, खोळंब्याची भरपाईही मिळेल. अट एकच. उशीर सुरू झाला की ठरलेल्या मुदतीत तसं लेखी कळवायचं. नाही कळवलं तर हक्क बुडाला, आणि उशिराच्या दर दिवसाचा दंड उलट कंत्राटदाराच्याच डोक्यावर.

सिंगापुरात अशी नोटीस म्हणजे पावतीइतकी साधी गोष्ट. सकाळी पाठवतात आणि दुपारी त्याच माणसाबरोबर हॉकर सेंटरमध्ये जेवतात. आपल्याकडे मात्र नोटीस म्हणजे वैर. शामकांतच्या काकांनी एकदा त्याच्या वडिलांना नोटीस धाडली, तर पुढे भाऊ भावाच्या मयतालाही गेला नाही. शामकांतने मजकूर तयार केला, पण पाठवण्याआधी निशिकांतच्या कानावर घालावं म्हणून थांबला. ही त्याची सभ्यता!

गणपतीचे दिवस होते. निशिकांतच्या कॉन्डोत आरती झाली, पानं वाढली गेली, आणि विनीता आग्रह करकरून मोदकांवर तूप ओतत असताना शामकांतने विषय काढला.

"निशी, ते गोदामाचं... मी एक नोटीस पाठवतोय. नुसता उपचार हं."

निशिकांतचा चेहरा उतरला. "आत्ता? अरे, ते भाडेकरूचं प्रकरण माझ्याकडेच आहे. वरचे लोक आधीच टपून बसलेत. तुझी नोटीस आली की माझी खुर्ची गेलीच समज. थोडा थांब. तुझे वाढीव दिवस मी तुला देणारच आहे की! आपल्यात कागद कशाला?"

"बाप्पासमोर शब्द देताहेत ते," जया नवऱ्याला म्हणाली. "आणखी काय हवंय तुला?"

आणखी काय हवं ते करारात छापलेलं होतं. पण ज्याच्या पंक्तीला बसलो त्यालाच नोटीस कशी द्यायची? शामकांत थांबला. नोटिशीची मुदत टळून गेली तरी तयार मजकूर त्याच्या खणातच राहिला. भीड भिकेची बहीण, असं आपली माणसं उगाच म्हणत नाहीत. फरक इतकाच, की इथे भीड शामकांतची होती आणि भीक लिमच्या वाट्याला यायची होती.

इमारत उशिरा पुरी झाली, ती व्हायचीच होती. मग तांजोंग पगारच्या ऑफिसात उशिराचा निवाडा करायला बैठक बसली. करारानुसार निर्णय आर्किटेक्टच्या हाती होता. पिकल्या केसांची, हळू बोलणारी बाई. एका बाजूला लिम आणि शामकांत, समोर निशिकांत. वाढीव मुदत मिळाली तर लिमची कंपनी तगणार होती, नाही तर दंडातच बुडणार होती, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"गोदामामुळे काम अडलं, हे मला मान्य आहे," आर्किटेक्ट म्हणाली. "तुमची नोटीस कुठे आहे?"

शामकांतने निशिकांतकडे पाहिलं. निशिकांत पाण्याच्या ग्लासकडे पाहत होता. विनीता, तिची मुलं, सगळं शामकांतच्या डोळ्यांपुढून गेलं. मग शेजारी टेबलावर ठेवलेले लिमचे राठ हात त्याला दिसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने भीड मोडली.

"नोटीस मी दिली नाही. यांनीच थांबायला सांगितलं. यांच्या घरी, जेवताना."

"शामकांत माझा मित्र आहे," निशिकांत अगदी हळुवारपणे म्हणाला. "सणाला तो आमच्याकडे जेवायला असतो. पण त्या दिवशी कामाचं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही."

आवाजसुद्धा चढला नाही त्याचा. आर्किटेक्टने दोघांकडे पाहिलं आणि करारातली अट स्पष्ट आहे, असं सांगून कागद मिटले. त्या संध्याकाळी जयाने विनीताला फोन केला. "जया, आमचाही इथे राहायचा पास नोकरीवरच आहे गं," एवढं म्हणून विनीता रडली आणि तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी शामकांत राजीनामा द्यायच्या तयारीनेच बुकित बातोकला गेला. लिम ओरडेल, शिव्या घालेल, हाकलून देईल, याची त्याने मनाशी तयारी केली होती. लिमने त्याला बसायला सांगितलं आणि कॉफी मागवली. बैठकीतलं बरंचसं इंग्रजी म्हाताऱ्याच्या डोक्यावरून गेलं होतं. पण एक गोष्ट नीट कळली होती.

"यू ईट इन हिज हाऊस," तो म्हणाला.

"येस, बॉस."

"हाऊ मच ही गिव्ह यू?"

शामकांतचे कान तापले. खरं तर संताप यायला हवा होता, पण आली ती नुसती शरम. "नथिंग, बॉस. देवाशपथ, नथिंग."

लिमने त्याचा चेहरा निरखून पाहिला. तोंडावरून माणूस ओळखण्यात त्याची हयात गेली होती. शामकांत खरं बोलतोय हे त्याला कळलं, आणि तेव्हा कुठे त्याचा चेहरा पडला. पैसे खाऊन उलटलेली माणसं त्याने धंद्यात पुष्कळ पाहिली होती. त्यांच्यावर चिडता येत होतं, त्यांना विसरताही येत होतं.

"नथिंग?" त्याने विचारलं. "देन व्हाय, शाम? व्हाय यू डू धिस टू मी?"

शामकांतने तोंड उघडलं. मित्राला वाईट वाटलं असतं म्हणून. हे वाक्य त्याने मनात इंग्रजीत जुळवून पाहिलं, मग मराठीत. काचेपलीकडे कंपनीची माणसं कामं सोडून इकडेच बघत होती. त्यांच्या देखत म्हणण्यासारखं ते कुठल्याच भाषेत नव्हतं, आणि लिम उत्तराची वाट पाहत होता.