ठोक्याच्या मागून येणारे भावजी

माझ्या धाकट्या दिराइतका उशीर करणारा माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. गरम भाकरीसाठी हाक मारावी, तर हे यायचे ती वातड झाल्यावर. स्वतःच्या हळदीलासुद्धा सगळ्यांत शेवटी पोचले. जन्म गेला लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवण्यात. पितळेचं ते वाकडं नळकांडं. मी त्याला मोरीचा पाइप म्हणायची. हैदराबादच्या क्लबात विलायती नाचाला वाजवणारा एक म्हातारा जालन्यात येऊन राहिला होता, त्याच्याकडे हे शिकले. त्यानं सांगितलं म्हणे, ढोलाच्या बरोबर वाजवायचं नाही. ढोल पुढं जाऊ द्यायचा आणि आपण मागून यायचं. "वहिनी, ठोक्याच्या मागून आलं की गाणं झुलतं," ते मला समजावायचे. मी म्हणायची, "गाणं झुलू द्या भावजी, तुम्ही जेवायला तरी बराबर या."

वाजवताना डोळे मिटायचे, ही दुसरी खोड. वाटूरला एकदा रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन लग्नांचे मांडव होते. हे डोळे मिटून सगळ्यांच्या पुढं. मागं बँड, घोड्यावर आमचा नवरदेव आणि सारी भावकी. डावीकडं वळायचं, हे उजवीकडं वळले. परक्या बायकांनी नवरदेवाला ओवाळायला ताट उचललं, तेव्हा कुठं कमानीवरची नावं वाचून त्याचा मामा ओरडला, "अहो थांबा, ही आपली नवरी न्हाई!" भावजींनी कडवं पुरं केलं, मगच वळले.

गेल्या वर्षी त्यांचे वरचे पुढचे दात हलायला लागले. डॉक्टर म्हणाला, काढा. माझ्या नातीचं लग्न चार महिन्यांवर होतं आणि माझ्या मुलानं त्यासाठी डीजे सांगून ठेवला होता. तरी हे अडून बसले, "लग्न झाल्यावर काढीन. दात गेले की फुंकर निसटती वहिनी, मंग वाजत न्हाई." चार महिने दुधात भाकर भिजवून खाल्ली. शेवटी मीच मुलाला दरडावलं, "वरातीत घाल काय धिंगाणा घालायचा तो. पाठवणीला काका वाजवतील."

पाठवणीला वाजवलं त्यांनी. ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती, ती मी बंद करायला लावली, कारण हे अजून वाजवत मागूनच येत होते. नात रडायची थांबून ऐकत राहिली. नंतर त्यांनी तोंड पुसलं, तेव्हा रुमालाला रक्त लागलेलं मी पाहिलं.

आठवड्यानं दात काढले. पुढं कवळी बसवली, ती घालून एकदा फुंकून पाहिलं. रेड्यासारखा आवाज निघाला. स्वतःच हसले आणि सॅक्सोफोन पेटीत ठेवून दिला.

आता मी हाक मारायच्या आत ते चुलीपुढं येऊन बसलेले असतात. परवा मी म्हटलं, "भावजी, जरा उशिरा येत चला."

"आता कशाच्या मागून येऊ, वहिनी?" ते म्हणाले.

भाकर गरम होती, तशीच मी ताटात कुस्करून दिली.