टिचकीदादांचा पक्का कप

कपबश्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे टिचकीदादा म्हणायचे. भट्टीतून निघालेल्या कपाला टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर आत तडा, की गेला टोपलीत. उभा जन्म त्यात गेला. बायकोला ते वाटेल त्या थापा मारत, पण कपाच्या बाबतीत? छे, खोट्याचं नावच नको!

एके सकाळी दात घासता घासता ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, हातपाय धड राहिले, पण ऐकू येणं पार बंद. कानाच्या डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहून दिलं, "कान उत्तम आहेत. बिघाड मेंदूत आहे."

दादांनी कागद उलटसुलट करून पाहिला. कान उत्तम, मग आवाज आत शिरून जातो तरी कुठे?

त्यात परवा बायकोच्या हातून झाकण पडलं आणि हे केवढ्याने दचकले! तिने मोबाइलवर लिहून नाकासमोर धरलं, "येतं की ऐकू! सोंगं कशाला करता?"

"अगं, दचकलो खरा, पण ऐकलं काहीच नाही."

मग दचकलो कशाला? त्यांचं त्यांनाच कळेना. आपण खरंच सोंग करतोय की काय? बायकोच आपल्याला खोटं समजते, हे तर त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

शेवटी तडक कारखाना गाठला. नेहमीच्या बाकावर बसून कपाला टिचकी मारली. बोटाला कप लागला, बस्स. पण पक्क्या कपाला डोलायची तशी सवयीने मान डोलली! मान डोलते म्हणजे आत कुठेतरी कळत असणारच, असं त्यांनी ठरवून टाकलं. मुकादमाला सांगून तो कप घरी आणला.

"पक्का आहे," बायकोपुढे ठेवत ते म्हणाले. "तुझंच खरं गं. येतं मला ऐकू."

तिने त्यात चहा ओतला. बघता बघता बुडाखाली ओलं वर्तुळ उमटलं आणि पसरत गेलं. तडा गेलेल्या कपाला या माणसाने आजवर कधी पक्का म्हटलं नव्हतं. त्यांना दिसायच्या आत तिने टेबल हाताने पुसलं, कप उचलला आणि कढत चहा घटाघटा पिऊन टाकला.

"पक्का आहे ना?"

तिने जोरजोरात मान हलवली. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या. एवढं सगळं नीट झालं आणि ही रडते कशाला, हे काही केल्या दादांच्या लक्षात येईना.