गणपतचं हँडल आणि सत्यवतीची जागा

गणपत हुशार होता, पण कुणाचं ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती. सहा पिढ्या होडीवर गेलेल्या घरात १९५८ साली हा लष्करी लिलावातली मोटारसायकल घेऊन आला. वेग घेतला की तिचं हँडल थाडथाड हलायचं. पहिल्याच फेरीत त्याची बायको सत्यवती मध्येच उतरली आणि डोक्यावर माशांची पाटी घेऊन चालू लागली.

"थरथर थांबल्याबिगर मी बसूचंय नाय," तिनं सांगून टाकलं.

कुडाळच्या बाजारात तिच्या आईपासूनची बसायची जागा होती, चिंचेखाली. एसटीवाले माशांची पाटी घेत नसत. दोन बाजार तिचे उशिरामुळे हुकले होते. तिसरा हुकला तर शेजारची सुशीला ती जागा घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गणपतनं एका साहेबाच्या गाडीवर स्टीअरिंग डॅम्पर पाहिला होता. हँडलच्या मानेला धरून ठेवणारा, वरच्या नटानं आवळायचा. तो घरीच बनवला. डब्याच्या पत्र्याच्या दोन चकत्या, मध्ये जुन्या वहाणेचं चामडं आणि वर दोन पंख असलेला, हातानं फिरवायचा नट. खर्च शून्य. हँडल मात्र पूर्वीसारखंच नाचत होतं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायची, म्हणून तो माझ्याकडे आला. मी बघायला गेले तर गाडीवर तीन मांजरं बसलेली.

"गणपत, ह्याका काय लावलंस?"

"मोरी माशाचा तेल, बाईनू. चांगला पावशेर."

"कशाक?"

"होडयेर सगळ्याक तेच लावतंव. नायतर गंजता."

"अरे, तेका घासूक होया. घासला तरच हँडल आवरतला. तेल घातल्यार घासतला काय, तुझा कपाळ?"

त्याला पटलं नाही. सत्यवतीला पटलं. तिनं चकत्या राखेनं खसखसून घासल्या, चामडं नवं घातलं आणि नट गणपतकडून आवळून घेतला. गणपतचा स्वभाव असा की आवळायचं म्हटलं की दातओठ खाऊन आवळायचा.

पुढचं मला सत्यवतीनं दुसऱ्या दिवशी बांगडे निवडता निवडता सांगितलं. बाजाराच्या सकाळी ती मागे बसली, पाटी मांडीवर. हँडल खांबासारखं स्थिर. गणपत खुशीत. पहिलं वळण आलं, रस्ता वळला, गाडी वळली नाही. सरळ जाऊन एका शेतकऱ्याच्या पेंढ्याच्या उडवीत शिरली.

"आता थरथरता काय?" गणपतनं पेंढ्यातूनच विचारलं.

"नाय. पण माका कुडाळाक जावचा आसा, गुरांच्या गोठ्यात नाय."

तिनं आधी पाटी तपासली. एकही बांगडा गेला नव्हता. मग हुकूम सुटला: वळण दिसलं की ती ओरडणार, गणपतनं डाव्या हातानं नट सैल करायचा; वळण गेलं की परत आवळायचा. आणि तसे ते गेले. वाटेतल्या गावांनी ऐकलं, मागून बाई ओरडते आहे, "सैल... आवळा... सैल म्हटलंय मी..." एका ठिकाणी तर घाट उतरेपर्यंत तिला श्वास घ्यायला सवड नव्हती.

कुडाळात पोचले तेव्हा सुशीलेची टोपली चिंचेच्या मुळाला टेकली होती. सत्यवतीच्या केसांत पेंढा होता आणि घसा पार बसला होता. तिनं पायानं टोपली बाजूला सारली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सरक गो. वळणां लय होती, म्हणान उशीर झालो."